जुने वाढायचे बाऊल: जपून ठेवायचे की वापरायचे?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

शेजारच्या काकू घर आवरत होत्या. एक झाकणाचा बाऊल माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "तुला जुन्याचं वेड आहे, ने. पण शोकेसमध्ये कोंडून ठेवू नकोस." घरी आणल्यापासून तो टेबलावरच आहे आणि येता-जाता मी त्याच्याकडे बघतेय.

आकार लांबट, कानासकट साधारण २८ सेंटिमीटर. कान बांबूच्या कांडीसारखे. रंग सायीसारखा आणि त्यावर चॉकलेटी छपाई: बांबूची फांदी, फांदीवर पक्षी, कोपऱ्यात अर्धा उघडलेला पंखा, आणि एक गोल चंद्र, तोही नक्षीच्या पट्टीने मधेच कापलेला. एक बाजू दुसरीसारखी नाही. आतून सगळीकडे केसासारख्या रेषांची जाळी पसरली आहे. बुडाशी एका अंगाला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग आहे. घासून जात नाही, कारण तो वर नाहीच, आत मुरलाय. झाकणावरची जाळी मात्र फार विरळ आहे.

नक्षीवरून मला तो जपानी वाटतो. कुठला असेल, किती जुना असेल? डाग काढता येतो का? आणि मुख्य म्हणजे यात खायचं वाढलं तर चालेल का? फोटो काही केल्या चढत नाहीये.

नीलपर्ण

वर्णनावरूनच बघावासा वाटतोय! उलटा करून बुडाखाली काय दिसतं ते आधी सांगा. शिक्का, आकडे, अक्षरं, ओरखडे, सगळं.

सांजवेळ

बुडाखाली पतंगासारखा उभा चौकोन छापलाय. त्याच्या डोक्यावर छोटा गोल आणि गोलात रोमन चार. चौकोनाच्या आत वरच्या कोपऱ्यात २२, उजवीकडे 'व्ही', खाली 'एच'. डावीकडे एक आकडा आहे पण पुसट. मधोमध 'आरडी'. कंपनीचं नाव नाही, देशाचं नाव नाही. शिवाय तीन ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढे खडबडीत ठिपके आहेत. ते टवके उडाल्याचे का?

चाळता_चाळता

हा तर ब्रिटिश नोंदणीचा शिक्का! माझ्याकडच्या तक्त्यात 'व्ही' म्हणजे १८५०. अभिनंदन, १७५ वर्षांचा ऐवज आहे.

ठसेपारखी

चाळता_चाळता, थोडं थांबा. तक्ता बरोबर आहे, पण या शिक्क्याचे दोन काळ आहेत आणि दोन्हींत अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत. इथे भलेभले चुकतात.

नक्षी किंवा आकार दुसऱ्याने उचलू नये म्हणून ब्रिटनमध्ये त्याची नोंद करत आणि हा चौकोन उमटवत. मधलं 'आरडी' म्हणजे 'रजिस्टर्ड'. १८४२ ते १८८३ अशी ४२ वर्षं ही पद्धत चालली. डोक्यावरच्या गोलातला रोमन आकडा वस्तू कशाची ते सांगतो: एक म्हणजे धातू, दोन लाकूड, तीन काच, चार माती. म्हणून सांजवेळ ताईंच्या बाऊलवर चार आहे.

१८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात वर्षाचं अक्षर असे, डावीकडे महिना, उजवीकडे दिवस. १८६८ पासून अदलाबदल झाली: वर दिवस, उजवीकडे वर्ष, खाली महिना, डावीकडे नोंदीच्या गठ्ठ्याचा क्रमांक. तेव्हा सगळ्यात आधी वरचा कोपरा बघायचा. तिथे अक्षर असेल तर पहिला काळ, आकडा असेल तर दुसरा. ताईंच्या शिक्क्यात वर २२ आहे, म्हणजे दुसरा काळ. त्या काळात 'व्ही' हे १८७६ चं अक्षर आणि 'एच' म्हणजे एप्रिल. २२ एप्रिल १८७६.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे, बाऊल घडवल्याची नाही. चाललेली नक्षी कारखाने वर्षानुवर्षं छापत. त्यामुळे १८७६ च्या आधीचा नाही एवढंच आज ठामपणे म्हणता येतं.

ते तीन ठिपके टवके नाहीत. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टोकदार तिकाटण्यांवर ठेवत, त्या टोकांच्या त्या खुणा. त्यांच्यावर बोट फिरवून बघा, मला तरी तिथे भट्टीतला माणूस भेटल्यासारखं वाटतं.

सांजवेळ

ठसेपारखी दादा, अंगावर काटा आला वाचताना. पण मग हा पंखा, बांबू, कापलेला चंद्र? हे तर इंग्रजी वाटत नाही.

ठसेपारखी

म्हणूनच तर ते १८७० च्या दशकातलं आहे! लंडनला १८६२ साली मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्यात जपानी वस्तूंचा विभाग होता. ब्रिटिश मंडळींनी त्या इतक्या एकत्र पहिल्यांदाच पाहिल्या आणि भारावून गेली. पुढची वीसेक वर्षं इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी पंखे, बांबू, बगळे, चेरीचा मोहर यांचा सपाटा लावला. दोन्ही बाजू सारख्या नसणं, एक चौकट दुसरीवर सरकलेली असणं, चंद्र कापलेला असणं, हे सगळं त्या जपानी चित्रांकडून उचललेलं. चॉकलेटी रंगाची छपाई सायीच्या रंगावर, हीही त्याच काळाची आवड.

बाऊल खरंच जपानहून निर्यात झालेला असता तर शिक्का वेगळाच असता. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे १८९१ ते १९२१ च्या जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' दिसतं. १९२१ नंतर तो शब्द चालेना, मग 'जपान' आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या, १९५२ पर्यंतच्या बऱ्याच भांड्यांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' मिळतं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. ताईंच्या बाऊलवर 'इंग्लंड' नाही, ही १८९१ पूर्वीचा असल्याची आणखी एक खूण, पण एकटीच्या जोरावर तिच्यावर विसंबू नका. सगळेच कारखाने सगळ्याच मालावर लिहीत नव्हते.

ताई, एक काम करा. उजेडात धरून नक्षीची पट्टी कडेने पूर्ण फिरून बघा. कुठे जुळत नाही असं दिसतं का?

सांजवेळ

दिसतं!! एका कानाखाली बांबूचं पान अर्ध्यातच तुटलंय आणि त्याच्या शेजारी दुसरंच पान सुरू झालंय. इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं.

ठसेपारखी

तो सांधा. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घेत, तो कागद कापून कच्च्या भाजलेल्या भांड्यावर चिकटवत, चोळून पाण्याने कागद काढत आणि मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चमकदार लेप. सपाट कागद वळणावर बसवायचा म्हणजे कुठेतरी सांधा येणारच. हे काम बहुतेक बायका आणि मुली करत. यंत्राने चिकटवलेल्या आजच्या नक्षीत असं तुटलेलं पान सहसा सापडत नाही.

तिसरा_कप्पा

सगळं छान चाललंय, पण मी स्पष्ट बोलतो. ताई, हा बाऊल वापरू नका. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू एका जेवणात जाते. माझ्या आईचा पांढरा, जाड आयर्नस्टोनचा (टणक भाजक्या मातीचा) बाऊल असाच गेला. हिवाळ्याची रात्र होती, बाऊल थंडगार. मी त्यात उकळतं सूप ओतलं. मोठा आवाजही नाही झाला, 'टक्' एवढंच. सूप टेबलावर पसरायला लागलं तेव्हा कळलं. आई काही बोलली नाही, तुकडे वेचत राहिली. त्यानंतर माझ्याकडचं जुनं सगळं तिसऱ्या कप्प्यात आहे आणि तिथेच राहील.

ओली_माती

तिसरा_कप्पा दादा, वाचून फार वाईट वाटलं. पण दोष वापराचा नव्हता, तापमानातल्या उडीचा होता. मी स्वतः चाकावर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सगळ्याला 'चिनी माती' म्हणून मोकळे होतो, पण आत तीन वेगवेगळे जीव आहेत. पहिलं मऊ भाजलेलं, सच्छिद्र मातीचं, वरून ग्लेझ चढवलेलं. ताईंचा बाऊल यातला. दुसरं दगडासारखं घट्ट भाजलेलं. तिसरं पोर्सेलिन आणि बोनचायना, काचेच्या जवळ गेलेलं. बोनचायनात हाडांची राख असते. स्पोड या इंग्लिश कारखान्याने १७९० च्या दशकात तिचं प्रमाण बसवलं, तेव्हापासून ते इंग्लंडमध्ये रुळलं. ओळखायचं कसं? बाऊल उलटा करा. ज्या कडीवर तो टेकतो तिच्यावर बऱ्याचदा ग्लेझ नसतं. तिथे पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला तर सच्छिद्र. मग आतून टॉर्च लावा. प्रकाश बाहेर झिरपला आणि बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन किंवा बोनचायना.

ती जाळी म्हणजे माती आणि ग्लेझ यांचं न जमणं. भट्टीतून निघून थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर ताणाने फाटतं. पण कधी हे वर्षांनी होतं. सच्छिद्र माती हवेतली ओल हळूहळू पीत फुगते, ग्लेझला फुगता येत नाही, मग ते तडकतं. ताईंच्या बाऊलचं असंच झालं असणार. आणि एकदा जाळी पडली की तेलकट, रंगीत पातळ पदार्थ त्या रेषांतून मातीत उतरतो. तोच तो डाग.

म्हणून वापराबाबत माझं मत असं: जाळी पडलेल्या मातीच्या बाऊलात कोरडं ठेवा. फळं, पाव, कठीण कवचाचा सुका मेवा. ओलं, तेलकट, आंबट नको. आणि पूर्ण निरोगी असलेल्या पोर्सेलिनमध्ये गरम वाढायचं तर आधी कोमट पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा, मग वाढा. ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर यांपासून सगळं जुनं लांब. जाळीतली ओल मायक्रोवेव्हमध्ये तापते, सोनेरी रेघ ठिणग्या टाकते, आणि डिशवॉशर ग्लेझवरचं सोनं हळूहळू पुसून टाकतो.

नीलपर्ण

टिचकी मारून बघायचं विसरू नका. तळहातावर बाऊल मोकळा ठेवायचा, कडेला नखाने हलकीच टिचकी. खणखणीत घुमला तर अखंड. बद्द वाजला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे. मात्र जाड सच्छिद्र मातीचं भांडं अखंड असलं तरी फारसं घुमत नाही, तेव्हा पोर्सेलिनचा आवाज त्याच्याकडून मागू नका.

घडीबंद

डागाबद्दल पोटतिडकीने लिहितेय, कारण मी एक सुंदर बाऊल यात गमावलाय. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच कधीही वापरू नका. मी रात्रभर त्यात बुडवून ठेवला. सकाळी शुभ्र निघाला, मी हरखून गेले. तीन-चार महिन्यांनी जाळीच्या रेषांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसायला लागली. पुसली की परत यायची. मग एक दिवस कडेचं ग्लेझ नखाएवढ्या पापुद्र्याने निघून आलं. ब्लीचमधले क्षार मातीत शिरतात, सुकताना त्यांचे खडे होतात आणि ग्लेझला आतून ढकलतात. त्यावर इलाज नसतो.

ओली_माती

घडीबंद ताईंचं शंभर टक्के खरं. डागासाठी औषधाच्या दुकानातलं साधं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. आधी बाऊल एक दिवस साध्या पाण्यात ठेवा, म्हणजे माती पाणी पिऊन घेते आणि सुटलेला डाग आणखी आत ओढत नाही. मग पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस फक्त डागावर, वरून प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे सुकत नाही. दोन-तीन दिवसांनी कापूस बदला. हातमोजे घाला. सोनं लावलेलं असेल किंवा जुनं चिकटवलेलं असेल तिथे अजिबात नको. शेवटी स्वच्छ पाण्यात परत परत बुडवा आणि काही आठवडे वाळू द्या. घाई केली की ओल आत राहते आणि डाग परत वर येतो.

चाळता_चाळता

आणि शिसं? जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं असं वाचलंय.

ओली_माती

असतं. त्या काळच्या मातीच्या भांड्यांचं ग्लेझ बहुतेक शिशाचंच, त्यामुळेच ते इतकं मऊ चमकतं. प्रश्न शिसं आहे का हा नाही, ते अन्नात उतरतं का हा आहे. आंबट पदार्थ, उष्णता आणि वेळ, या तिघांनी ते उतरतं. प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, २४ तास ठेवतात आणि त्यात किती शिसं आलं ते मोजतात. मोठ्या खोलगट भांड्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

घरी वापरायच्या कांड्या मिळतात, रंग बदलला की शिसं. त्या पृष्ठभागावरचं सांगतात, आणि रंग नाही बदलला म्हणजे सुरक्षित असा अर्थ निघत नाही. मी तर जुन्या मातीच्या भांड्यात शिसं आहे असंच धरून चालते. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर त्यात नाही, रात्रभर झाकून काही ठेवणं नाही, आणि लहान मुलांना तर त्यातून द्यायचंच नाही. हेच जड कापीव क्रिस्टलच्या बाऊललाही लागू. त्या काचेतच शिसं असतं, 'लेड क्रिस्टल' म्हणवणाऱ्या काचेत २४ टक्के किंवा जास्त. फळं मांडा, जेवण झालं की काढून घ्या.

रंगीतकाच

सगळे अँटिकवर बोलताय, माझा जीव व्हिंटेजवर आहे. शंभर वर्षांपुढचं ते अँटिक आणि त्याच्या अलीकडचं व्हिंटेज, असं ढोबळमानाने धरतात. मला ओपल काचेचे एकात एक बसणारे पायरेक्सचे बाऊल आवडतात. आतून दुधासारखे पांढरे, बाहेरून पिवळा, हिरवा, लाल, निळा.

पायरेक्सची कहाणी मला फार आवडते. कॉर्निंग कंपनीत जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते. रेल्वेच्या कामासाठी उष्णता सोसणारी काच तिथे बनत असे. त्यांच्या पत्नी बेसी यांचं भाजायचं भांडं फुटलं, तेव्हा १९१३ साली लिटलटन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं बूड कापून घरी आणलं. बेसीबाईंनी त्यात केक भाजला आणि तो छान झाला. १९१५ साली पायरेक्स बाजारात आलं. रंगीत चौकडी आली १९४० च्या दशकात, आणि दोन्ही टोकांना चोच असलेले 'सिंड्रेला' बाऊल १९५७ मध्ये. ती मोठी चोच धरायला, छोटी ओतायला. हातात घेतल्यावर कळतं की आखणाऱ्याने स्वयंपाकघरात उभं राहून विचार केलाय.

यांचा रंग फक्त बाहेर आहे, अन्नाला लागतो तो पांढरा भाग. पण बाहेरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. म्हणून एकात एक रचताना मधे कापड घालाच. नाहीतर लहान बाऊलचा रंग मोठ्याच्या आतल्या पांढऱ्यावर घासतो. मी बऱ्याच जणांकडे मोठ्या बाऊलच्या आत रंगाचं कडं पाहिलंय. तिथेच तर आपण वाढतो!

जाता जाता फिएस्टाबद्दल. होमर लॉफ्लिन कंपनीने १९३६ मध्ये ही भांडी काढली, फ्रेडरिक ऱ्हीड यांनी आखलेली, कडेला वर्तुळं वर्तुळं. त्यातल्या जुन्या केशरट लाल रंगात युरेनियम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं म्हणून १९४३ च्या सुमारास तो लाल बंद झाला, १९५९ ला परत आला, १९७२ ला कायमचा गेला. माझ्याकडे त्यांतला एक बाऊल आहे. रंग असा की नजर हटत नाही. तो मी भिंतीवरच्या फळीवर ठेवलाय, जेवणात नाही आणत.

लाकूडवेडा

लाकडी बाऊलना कुणी वाली आहे का इथे? अखंड लाकडातून कातलेल्या खूप जुन्या बाऊलची एक खूण सांगतो. मोजपट्टी घ्या. तोंडाचा व्यास रेषांच्या दिशेने मोजा, मग आडवा मोजा. लाकूड वाळताना रेषांना आडवं जास्त आकसतं, त्यामुळे कातताना गोल असलेला बाऊल वर्षांनी किंचित लांबट होतो. माझ्या सगळ्यात जुन्यात ९ मिलिमीटरचा फरक आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण हातात फिरवला की जाणवतो.

याला पाण्यात भिजत घालू नका. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा, अधूनमधून खाण्यायोग्य दर्जाचं खनिज तेल चोळा. स्वयंपाकाचं तेल नको, खवट होतं आणि तो वास जन्मभर जात नाही. सॅलडसाठी यासारखं भांडं नाही. चमचा लागला तरी आवाज होत नाही, हे सुख वेगळंच.

नीलपर्ण

चांदीचा मुलामा असलेल्यांबद्दल दोन ओळी. बुडाखाली 'ईपीएनएस' म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी १८४० साली याचं पेटंट घेतलं. मीठ, अंडं आणि लिंबू या भांड्यांना सोसत नाहीत, म्हणून त्यात आत बसणारा काचेचा बाऊल असायचा. तो हरवला असेल तर मापाचा शोधा. खालचा धातू दिसेपर्यंत घासू मात्र नका. तो मुलामा केसाहूनही पातळ असतो.

तिसरा_कप्पा

काल रात्री हा धागा वाचून कप्पा उघडला. एक निळा-पांढरा पोर्सेलिनचा बाऊल आहे, आडवा फुटलेला, आणि मागून पितळेच्या सात टाक्यांनी जोडलेला. लहानपणापासून तो मला कुरूप वाटायचा. काल भिंग लावून पाहिलं. प्रत्येक टाक्याला दोन भोकं, पण एकही भोक आरपार नाही. एवढ्याशा जाडीत अर्ध्यापर्यंतच भोक पाडून थांबायचं, सातही टाके एका ओळीत, आणि आतून काहीच दिसत नाही. गोंद नाही, चिकटपट्टी नाही. पाणी घालून बघितलं, एक थेंब गळला नाही.

ठसेपारखी

तिसरा_कप्पा, तो बाऊल टाकून देऊ नका आणि त्याचे टाकेही कुणाला काढू देऊ नका. आजचे एपॉक्सी गोंद आले त्याआधी चीनमध्ये आणि युरोपातही कारागीर असंच शिवत. मूळ बाऊल कुणाच्या तरी इतका जिव्हाळ्याचा होता की फुटल्यावरही तो शिवायला नेला. दुरुस्ती कळायला हवी असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च लावा. लपवलेला आधुनिक गोंद किंवा रंग वेगळाच उजळतो. मला विचाराल तर लपवलेल्या दुरुस्तीपेक्षा हे उघडे टाके शंभरपट प्रामाणिक.

तिसरा_कप्पा

आज सकाळी त्यात संत्री ठेवली. टेबलावर. एवढंच सांगायचं होतं.

सांजवेळ

मंडळी, सात आठवड्यांनी परत आले, त्याबद्दल क्षमा. ओली_माती ताईंनी सांगितलं तसंच केलं. एक दिवस पाणी, मग कापूस, आवरण, दर तीन दिवसांनी बदल. पहिल्या वेळी कापूस अक्षरशः चहाच्या रंगाचा निघाला आणि तेलकट वास आला. दुसऱ्या वेळी फिकट. चौथ्या वेळी जवळजवळ पांढरा. डाग पूर्ण गेला नाही, पण आता तो सावलीएवढा उरलाय आणि मला तेवढा हवासा वाटतो.

शिशाची कांडी लावली. आतून लाल झाली. तेव्हा ठरलं की आत मापाचा काचेचा बाऊल बसवायचा आणि वाढायचं ते त्यात. दोन्हींच्या मधे कापडाची घडी, रंगीतकाच यांच्या सांगण्यावरून. परवा पहिल्यांदा तसा टेबलावर आणला. झाकण काढल्यावर आधी पंखा आणि पक्षी दिसतात, मग जेवण.

आता खरी गोष्ट. डाग गेल्यावर बुडाच्या मातीत दाबलेले आकडे दिसायला लागले, आधी ते त्या तपकिरीत बुडाले होते. उन्हात तिरपं धरल्यावर वाचता आले: ६, खाली रेघ, खाली ७९. मग झाकण उलटं केलं. त्याच्या आतल्या कडेलाही आहेत: ३, रेघ, ८४.

ठसेपारखी

सांजवेळ ताई!! काही कारखाने घडवल्याचा महिना आणि वर्ष ओल्या मातीत दाबून ठेवत. म्हणजे नक्षीची नोंद एप्रिल १८७६, बाऊल घडला जून १८७९ मध्ये आणि झाकण मार्च १८८४ मध्ये. मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं की जाळी बाऊलवर दाट आणि झाकणावर विरळ कशी. वेगळा घाणा, वेगळी भट्टी. दुसऱ्याच भांड्याचं झाकण बसवलं की आम्ही संग्राहक त्याला 'लग्न लावलेली जोडी' म्हणतो आणि नाक मुरडतो. पण इथे नक्षी तीच, चॉकलेटी रंग तोच. माझा अंदाज असा की पहिलं झाकण चार-पाच वर्षांत फुटलं आणि कुणीतरी नक्षी बंद व्हायच्या आत त्याच नक्षीचं दुसरं मिळवलं.

ओली_माती

झाकणाला डावासाठी खाच नाही ना? म्हणजे हा सूपचा नाही, भाज्या वाढायचाच. झाकण दर जेवणाला काढा-घाला होणार, तेच आधी फुटणार.

सांजवेळ

खाच नाही, कड अखंड आहे. हे सगळं काकूंना फोन करून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी ते झाकण एका हाताने उचललं की ओरडा बसायचा. का ते कुणालाच माहीत नव्हतं."

ठसेपारखी

ताई, एक शेवटचं. चौकोनात डावीकडचा पुसट आकडा आता वाचता येतो का? नोंदणीची जुनी बाडं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तारीख आपल्याकडे आहे, तो गठ्ठ्याचा क्रमांक मिळाला तर ही नक्षी कुणी नोंदवली ते नाव सापडू शकेल.

सांजवेळ

सात आहे. किंवा एक. उद्या सकाळच्या उन्हात परत बघते आणि लिहिते.